मावशीचं ‘हो फादर’

सात चर्चचे कपडे धुणं आणि त्यांना इस्त्री करणं हा माझ्या मावशीचा चाळीस वर्षांचा उद्योग. लोकांना वाटतं, चर्चचे कपडे म्हणजे असून असून काय, वेदीवरची एक चादर आणि फादरांचा एक झगा. तिच्यासमोर असं बोलायची चूक मी एकदा केली आहे, तुम्ही करू नका. वेदीची लांब कापडं, फादरांचे पांढरे पायघोळ झगे, त्यांच्या कमरेच्या दोऱ्या, पवित्र द्राक्षारसाचा प्याला पुसायचे रुमाल, हात पुसायचे वेगळे रुमाल, आणि या सगळ्यात मानाचं म्हणजे प्याल्याखाली अंथरायचं चौकोनी कापड. त्यावर पवित्र भाकरीचा एखादा कण राहिला असेल म्हणून त्याचं पहिलं पाणी मोरीत जात नाही, मातीत जातं. मावशीच्या मागच्या अंगणातलं लिंबाचं झाड या पाण्यावर वाढलंय आणि त्या लिंबांचं सरबत प्यायला दोन गल्ल्यांमधली माणसं काहीतरी निमित्त काढून येतात. त्या कापडाची घडीसुद्धा ठरलेली. तीन भाग उभे, तीन आडवे, नऊ चौकोन, आणि सगळे आतल्या बाजूला. बाहेरून दुमडलं तर मावशी पुन्हा पाणी मारून पहिल्यापासून इस्त्री करते. वर तोंडाने पुटपुटते ते मी इथे लिहीत नाही.

पहिल्या भेटीत माणसाला वाटतं, ही गरीब गाय आहे. फादर लोकांना तर चाळीस वर्षं तसंच वाटत आलंय, आणि त्याला कारण तिचं ‘हो फादर’. म्हणजे कसं, की एखादे फादर यायचे आणि सांगायचे, ‘मावशी, कॉलरला खळ जरा जास्त घाला.’ मावशी म्हणायची, ‘हो फादर.’ आणि खळ घालायची तेवढीच, जेवढी इतकी वर्षं घालत आली. पुढच्या आठवड्यात फादर खूश. ‘बघा, आता कशी बसली कॉलर!’ मावशी पुन्हा, ‘हो फादर.’ डाग लिंबाने काढा म्हणाले तरी हो, मिठाने काढा म्हणाले तरी हो. डाग निघायचा तो तिच्या पद्धतीने. ‘त्यांना बोलू द्यावं,’ ती मला सांगायची, ‘बोलून झालं की जातात. मग आपण आपलं काम करावं.’ या एका युक्तीवर तिने सात चर्च, चौदा-पंधरा बदलून गेलेले फादर आणि तीन बिशप सांभाळले. तीच युक्ती एकदा तिच्या अंगाशी आली, त्याची ही गोष्ट.

मी तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. मी सहा वर्षांची असताना आई गेली. वडील त्याआधीच कामाच्या शोधात लांब कुठेतरी गेले होते आणि तिथे ते इतके रमले की परतलेच नाहीत. मावशीने मला उचलून आपल्या दोन खोल्यांत आणलं. पुढच्या खोलीत इस्त्रीचं लांब टेबल, पाणी तापवायचं मोठं पातेलं आणि आडवे-उभे दोर. मागच्या खोलीत आम्ही दोघी. शाळेचा अभ्यास मी त्या टेबलाखाली बसून केला, कारण घरात कोरडी जागा तेवढीच.

आता मी एका विमा कंपनीत आहे. लोकांचे दावे नाकारल्याची पत्रं लिहिणं हे माझं काम. दिवसातून पंधरा-वीस वेळा मी अतिशय सभ्य शब्दांत ‘नाही’ म्हणते. मावशीच्या हे काही पचनी पडत नाही.

‘अगं पण त्याचं दुकान जळलं ना?’

‘जळलं.’

‘मग?’

आता या ‘मग’ला काय उत्तर देणार? माझ्या नाकावर राग असतो असं ती म्हणते. असतो, कबूल आहे. आमच्या दोघींत कुणीतरी एकीने रागवायला हवंच होतं, ते खातं माझ्याकडे आलं.

मावशीला तरुणपणी सिस्टर व्हायचं होतं, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला नोकरी लागून मी बाहेरगावी गेले, त्या वर्षी ती बावन्न वर्षांची घोडी, हा तिचाच शब्द, मठाच्या दारात जाऊन उभी राहिली. तिथल्या मदरने चहा दिला, बिस्किटं दिली आणि गोड आवाजात सांगितलं की पस्तिशीनंतर आम्ही कुणाला घेत नाही. मावशी बिस्किटं संपवून परत आली. ही गोष्ट ती आल्यागेल्याला हसत हसत सांगायची आणि प्रत्येक वेळी बिस्किटांची संख्या एकाने वाढायची.

मठ नाही तर नाही, तिने घरीच प्रार्थना सुरू केली. रोज पहाटे साडेपाचला दोन जणी यायच्या. एक नर्सबाई, इस्पितळातून निवृत्त झालेल्या, अविवाहित, अजूनही प्रत्येकाची नाडी बघायची सवय. दुसऱ्या ऑपरेटरबाई. त्यांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. नवरा वारलेला, मुलगा दुसऱ्या शहरात. इस्त्रीच्या टेबलाभोवती तिघी उभ्या राहायच्या. पण ती प्रार्थना एकदा तरी पूर्ण झाली असेल तर शपथ. मध्येच कुणीतरी नर्सबाईंना इंजेक्शनसाठी बोलवायला यायचं. ऑपरेटरबाईंच्या सुनेचा फोन यायचा, आणि फोन वाजला की त्यांना बसवतच नाही. तेवढ्यात मावशीचं पातेलं उतू जायचं. तिघी ‘आमेन’ म्हणायच्या ते आपापल्या कामाला पळता पळता.

आता म्हाताऱ्या फादरांकडे येते. ते आमच्या चर्चचे जुने धर्मगुरू, ऐंशीच्या घरातले, दर शनिवारी आपला एकुलता एक झगा स्वतः घेऊन यायचे. झगा हे निमित्त. खरं काम लिंबाचं सरबत. अशाच एका शनिवारी मावशी त्यांना मठाची गोष्ट सांगत होती, बहुधा बाविसाव्यांदा. बिस्किटं तोवर पंचवीस झाली होती. म्हाताऱ्या फादरांनी पेला खाली ठेवला.

‘तू काढ की मग एक,’ ते म्हणाले.

‘काय काढू?’

‘मठ. तुमच्यासारख्यांसाठी.’

‘काहीतरीच काय, फादर! मी इस्त्री करणारी बाई.’

‘अगं, ज्यांनी ज्यांनी मठ काढले ते काय मठातच जन्मले होते? कुणाला तरी आधी सुचलं, मग त्याने दोन माणसं गोळा केली. तुझ्याकडे तर दोन माणसं रोज पहाटे येतात.’

मावशी हसली. पण त्या दिवशी तिने एक झगा करपवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या शनिवारी म्हातारे फादर झगा न घेताच आले. हातात कागद होता. बिशपच्या कार्यालयात जाऊन त्यांनी सगळी चौकशी करून आणली होती, काठी टेकत, दोन बस बदलून. निदान तीन बायका हव्यात. राहायला घर हवं. एक अर्ज हवा, आणि इथल्या धर्मगुरूंची पाठिंब्याची पत्रं हवीत. ‘सात चर्चचं धुणं करतेस, सातांची पत्रं घे,’ ते म्हणाले. ‘पहिलं मी लिहितो. घाबरू नकोस. मी आहे.’

मला हे कळलं तेव्हा मी भडकले. त्याच वर्षी मी जरा मोठं घर भाड्याने घेतलं होतं आणि उजेडाची खोली मावशीसाठी ठेवली होती. पडदेसुद्धा लावले होते. ‘येईन गं, येईन,’ म्हणत तिने मला आठ महिने झुलवत ठेवलं होतं आणि आता हे!

‘त्रेसष्टाव्या वर्षी? या वयात?’ मी म्हटलं.

‘याच वयात,’ ती म्हणाली. ‘पन्नाशीच्या आत प्रवेश नाही, असा नियम करणार आहे मी.’

अर्ज मात्र मीच लिहून दिला, कारण पत्रं लिहिण्यातच माझं आयुष्य चाललंय. पण रुसले होते, म्हणून चार ओळींत उरकला. ‘पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांसाठी एक धार्मिक गृह स्थापन करण्यास परवानगी मिळावी.’ त्या घरात नक्की काय करायचं, हे मी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. ‘बाकीचं फादर लिहितील,’ ती म्हणाली. माझी ती चूक होती, हे आधीच सांगून टाकते.

मग मावशी इस्त्रीच्या गठ्ठ्यांबरोबर दारोदार पत्रं मागत निघाली. एका रविवारी मीही गेले होते. फुटबॉलवाले फादर तरुण, उत्साही, पायांत कायम बूट चढवलेले. त्यांनी मावशीचं अर्धं वाक्य ऐकलं आणि टाळीच वाजवली.

‘मावशी, झकास! नोकरीसाठी इथे किती मुली येतात, राहायला जागा मिळत नाही बिचाऱ्यांना. तुमच्यासारखी माणसं हवीत वसतिगृहाला. मी आजच पत्र लिहितो!’

‘हो फादर,’ मावशी म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिला धरलं. ‘हो काय म्हणालीस? तुला वसतिगृह काढायचंय?’

‘नाही गं. ते खूश झाले होते, कशाला हिरमोड करा? पत्र देतायत ना? आपण आपलं काम करू.’

पुढच्या फादरांना दम्याचा त्रास होता. त्यांना वाटलं, निवृत्त धर्मगुरूंची देखभाल करणारं घर निघतंय, आणि ते इतके गहिवरले की खोकला थांबेना. हो फादर. गाणारे फादर म्हणाले, प्रौढ स्त्रियांचा गायनवृंद! हो फादर. एकांना मौनात राहण्यासाठी शांत जागा हवी होती, एकांना वेदीच्या कापडांवर भरतकाम शिकवणारी शाळा. सहाव्यांना काय वाटलं ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं, पण त्यांनीही भरभरून लिहिलं. प्रत्येकाने मावशीला दारापर्यंत सोडलं, पाठीवर हात ठेवला, धीर दिला. पत्रं मात्र बंद पाकिटातून परस्पर बिशपकडे जायची होती, त्यामुळे कुणी काय लिहिलंय हे कुणालाच माहीत नव्हतं.

इकडे ऑपरेटरबाईंचा मुलगा त्यांना न्यायला निघाला होता. वाईट मुलगा नव्हता, पण आई एकटी राहते हे त्याला बघवत नव्हतं. ‘महिनाअखेरपर्यंत थांब,’ त्या त्याला म्हणाल्या. ‘मठ झाला तर मी तिथे. नाही झाला तर बांधलेलं सामान तयार आहे.’ आणि ऑपरेटरबाई गेल्या तर तीन बायकांचा नियम मोडणार होता. मावशी वरवर शांत होती. पण त्या महिन्यात तिने एकदाही बिस्किटांची गोष्ट सांगितली नाही.

महिना संपायला सहा दिवस असताना बिशपच्या कार्यालयाचं पत्र आलं. मावशीने ते मला फोनवर वाचून दाखवलं. ‘आपण योजलेल्या वसतिगृहाच्या, वृद्ध धर्मगुरूंच्या निवासाच्या, मौनगृहाच्या, भरतकाम शाळेच्या, गायनवृंदाच्या...’ मी हसायला लागले. मग ती शेवटच्या ओळीवर आली. ‘हेतू स्पष्ट न झाल्यास हे प्रकरण बंद करण्यात येईल.’ माझं हसू जागच्या जागी थांबलं. हे वाक्य मी रोज लिहिते. ते आपल्या घरात येऊन पडलं की कसं लागतं, हे मला पहिल्यांदा कळलं.

‘मी येते,’ मी म्हटलं. ‘मी बोलते त्यांच्याशी.’

‘ये. पण बोलू नकोस,’ ती म्हणाली. ‘तू बोललीस की भांडण होतं.’

बिशपच्या बंगल्यातली बैठकीची खोली थंड आणि लांबट होती. मधे मोठं टेबल आणि भिंतीला लागून खुर्च्या. त्या खुर्च्यांवर सातही फादर बसलेले! बिशपनीच त्यांना बोलावून घेतलं होतं. मावशीला बघून सातही जण उठून उभे राहिले. ती इतकी गोंधळली की दारातच थांबली. आम्ही दोघी टेबलाच्या या टोकाला बसलो, मागे नर्सबाई आणि ऑपरेटरबाई. नर्सबाईंनी बसल्या बसल्या मावशीचं मनगट धरलं आणि मला डोळ्यांनीच खुणावलं, नाडी फार जलद आहे.

बिशप बारीक चणीचे, समोर सात पत्रांची चळत, कानावर पेन्सिल. त्यांनी एकेक पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. दुसरं पत्र संपतंय तोच फुटबॉलवाले फादर म्हणाले, ‘नाही, काहीतरी गफलत आहे, मावशी तर वसतिगृह काढतायत.’ दमेकरी फादर म्हणाले, ‘माझ्यासमोर म्हणाल्या त्या, हो फादर म्हणून.’ ‘मलाही म्हणाल्या!’ गाणारे फादर खुर्चीवरून उठलेच. मग जो गलका झाला! एक म्हणतायत, इतकी मेहनती बाई, तिला मौनात कसली बसवता. दुसरे म्हणतायत, तिच्या हातांचं काम बघा, शाळाच हवी. एक गोष्ट मात्र मला कबूल करायलाच हवी. सातही जण तिच्याच बाजूने भांडत होते. तिचं कौतुक करता करता हमरीतुमरीवर आले होते. एवढा पाठिंबा कुणाच्याच वाट्याला येऊ नये.

बिशपनी पेन्सिल टेबलावर आपटली.

‘बाई, तुम्ही सांगा. यातलं कुठलं?’

मावशीने तोंड उघडलं. मला तो ‘हो’ तिच्या ओठांवर दिसला, अगदी स्पष्ट दिसला, आणि मी खुर्चीचे हात घट्ट धरले. चाळीस वर्षांची सवय. सातांपैकी कुणालाही हो म्हटलं असतं तरी काहीतरी मिळालंच असतं. वसतिगृह मिळालं असतं, शाळा मिळाली असती. आणि मग तिने आयुष्यभर पुन्हा कुणाचं तरी काम केलं असतं.

तिने तोंड मिटलं. मग फुटबॉलवाल्या फादरांकडे वळली.

‘नाही फादर,’ ती म्हणाली.

ते इतके चकित झाले की ‘बरं’ म्हणाले.

‘मुली गुणी असतात, पण त्यांची काळजी घ्यावी लागते. काळजी घेऊन झाली माझी.’ मग दमेकरी फादरांना, ‘नाही फादर. तुम्हाला औषधपाणी हवं, ते नर्सबाई येऊन देतील. पण त्यासाठी मठ नाही.’ गाणाऱ्या फादरांना, ‘नाही फादर. आम्हा तिघींना सूर नाही, तुम्हालाच त्रास होईल.’ एकेकाकडे वळून, एकेकाला नाही. मधे कुठे थांबली नाही. दिवसाला वीस नकार लिहिणारी मी, इतका प्रेमळ नकार मी कधी ऐकला नव्हता.

सातवे म्हातारे फादर. त्यांच्याकडे ती सगळ्यात शेवटी वळली. बिशपनी त्यांचं जे पत्र वाचलं होतं, त्यात लिहिलं होतं, ‘ज्यांना कुणी नाही अशा निराधार स्त्रियांसाठी आश्रय.’

‘नाही फादर,’ ती शेवटी म्हणाली. ‘तुमच्यामुळेच मी इथवर आले. पण निराधार नाही हो आम्ही. यांचा मुलगा सामान न्यायला आलाय. माझी भाची पडदे लावून बसलीय. आम्हाला सगळे आहेत.’

म्हातारे फादर काठीवर हनुवटी टेकून तिच्याकडे बघत होते. ‘चुकलं माझं,’ ते म्हणाले. ‘मग तुला काय हवंय ते सांग. मी तुला कधी विचारलंच नाही.’

‘मला...’ मावशी टेबलाकडे बघत म्हणाली, ‘आम्ही तिघींनी जन्मभर आधी काम केलं. काम करून वेळ उरला तर प्रार्थना. उरायचा नाही. आता आम्हाला आधी प्रार्थना करायचीय. ती पूर्ण करायचीय, मधे न उठता. मग उरलेल्या वेळात काम. मी इस्त्री करीन, या इंजेक्शनं देतील, कुणाचं काही अडणार नाही. फक्त क्रम बदलायचाय.’

दमेकरी फादर खोकायचे थांबले.

बिशपनी एक जुनी फाईल पुढे ओढली. ‘मठाकडून मी तुमचे कागद मागवले,’ ते म्हणाले. ‘बावन्नाव्या वर्षी तुम्हाला वयामुळे नाही म्हणाले. पण त्याआधीचाही एक अर्ज आहे. तुम्ही चौतीस वर्षांच्या होता. तेव्हा तर मठाने तुम्हाला स्वीकारलं होतं. यायची तारीखही ठरली होती. तुम्ही गेला नाहीत. का?’

मी मावशीकडे बघितलं. हे मला माहीत नव्हतं. बिस्किटांच्या गोष्टीत हा भाग कधीच नव्हता.

‘घरी एक काम निघालं होतं,’ मावशी म्हणाली.

ती चौतीस वर्षांची असताना मी सहाची होते. हिशेब करायला मला वेळ लागला नाही. पण तो करून झाल्यावर समोरचं टेबल मला नीट दिसेना.

बिशपनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर फाईलवर नेली. ‘अर्जात एक रकाना रिकामा आहे,’ ते म्हणाले. ‘अशा प्रकारचं घर चालवण्याचा पूर्वानुभव?’

‘आहे,’ मावशी म्हणाली. ‘एक घर चालवलं होतं. दोघींचं. अठरा वर्षं.’

‘बंद का पडलं?’

‘तिला नोकरी लागली.’

फादर लोक हसले, बिशपसुद्धा हसले. मी नाही. मग बिशपनी सांगितलं की तीन वर्षं चालवून बघायला त्यांची हरकत नाही, पण घर कुठे आहे? त्यावर फुटबॉलवाले फादर पुन्हा उठले. त्यांच्या चर्चमागे शिक्षकांच्या तीन खोल्या वर्षानुवर्षं बंद पडल्या होत्या, त्या त्यांनी वसतिगृहासाठी मनात धरल्या होत्या. ‘त्या घ्या, मावशी,’ ते म्हणाले. ‘रंग मी देतो.’ दमेकरी फादरांनी तीन पलंग कबूल केले. बाकीच्यांनी जागेवरच आपापली पत्रं मागून घेतली आणि खिशातली पेनं काढून शाळा, मौन, गायन सगळं खोडलं. या वेळी प्रत्येकाने लिहिण्याआधी मावशीला विचारलं.

‘आता शेवटचं,’ बिशप म्हणाले. ‘जवळच्या नातेवाइकाचं ना-हरकत पत्र लागतं. भाचीबाई, तुम्ही लिहून देता का?’

एक कोरा कागद माझ्यासमोर आला. नेहमीचा मजकूर मला तोंडपाठ आहे, दोन मिनिटांचं काम. मला पंचवीस मिनिटं लागली. सात फादर आणि एक बिशप गप्प बसून राहिले आणि कुणी घाई केली नाही. लिहून झाल्यावर मी कागद बिशपना द्यायला निघाले, तर मावशीने हात पुढे केला. ‘आधी मला.’ तिने तो घेतला, लांब धरला, जवळ धरला. चष्मा घाईत घरीच विसरला होता.

‘तूच वाच,’ ती म्हणाली.

‘इथे?’

‘मग कुठे?’

म्हणून मी उभी राहून वाचलं. ‘मी खाली सही करणारी, यांची भाची. माझी हरकत आहे. मी तिच्यासाठी एक खोली ठेवली आहे आणि मला तिच्याशिवाय राहायची सवय नाही, तशी सवय करायची माझी इच्छाही नाही. तरीही तिला परवानगी द्यावी. तिला यायला एकोणतीस वर्षं उशीर झाला, तो माझ्यामुळे झाला. त्या वर्षांत तिने मला एकदाही असं वाटू दिलं नाही, की ती दुसरीकडे कुठे जाणार होती.’

बिशपनी ‘पुरे, समजलं,’ म्हणत कागद मागितला आणि त्याच्याच कोपऱ्यात पेन्सिलने ‘परवानगी आहे’ असं लिहिलं. मग पेन्सिल पुसून जाईल म्हणून वरून पेनने गिरवलं. ऑपरेटरबाई रडत होत्या, नर्सबाई त्यांची नाडी बघत होत्या, फादर लोक एकमेकांचे हात हातात घेत होते. मावशी मात्र जागची हलली नाही. डोळे मिटून बसली होती. मला वाटलं, माझ्यावर रागावली.

तिने बिशपच्या हातातून तो कागद हळूच काढून घेतला आणि पुन्हा माझ्यापुढे धरला.

‘परत वाच,’ ती म्हणाली.

मी परत वाचलं.